पायाचं मशीन, बारा दिवे आणि एक वायर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

रविवारी प्रदर्शनात काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही पायाचं शिलाई मशीन चालवत होतात.
२. त्याला जोडलेले बारा दिवे लागले होते.
३. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

तुमच्या गुडघ्यांना आता उतार असेल अशी आशा आहे. (तेल चोळणं चालू आहे असं मामीने सांगितलं. तिने कारण विचारल्यावर तुम्ही 'वय' म्हणालात, हेही सांगितलं.) मी बरी आहे. हे लिहायचीही लाज वाटते, म्हणून मुद्द्यावर येते.

तुमच्या शिलाईच्या दुकानातलं कातरण शिवून केलेल्या दिव्यांवरच्या शेड, भंगारातले दिवे आणि माणसाच्या पायांतून निघणारी वीज. कागदावर यात एकही चूक नव्हती. प्रदर्शनाचा नियमच होता, नवीन काही विकत घ्यायचं नाही. मी तुमचं मशीन मागायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते एकटं कशाला नेतेस? चालवायला मी येतो की." आदल्या दिवशी मी मोजमाप घेतलं. दिव्यांना साठ वॅट लागत होते आणि चाकावरचा डायनॅमो जेमतेम पंधरा देत होता. अशा वेळी माझ्या, म्हणजे डिझाइनच्या, क्षेत्रातली माणसं दिवे कमी करतात. मी वायर वाढवली. (मशीनमागच्या पडद्याखालून थेट भिंतीतल्या प्लगपर्यंत. त्या अख्ख्या दालनात नवी कोरी विकत आणलेली वस्तू तेवढीच.)

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने लिहिते. पाहुण्या बाईंचं भाषण सुरू झालं, मशीनची खडखड माइकमध्ये यायला लागली आणि आयोजक म्हणाले, "काका, जरा थांबता का?" तुम्ही थांबलात. दिवे थांबले नाहीत. पाहुण्या बाईंनी त्याला 'साठवलेली ऊर्जा' म्हटलं, टाळ्या पडल्या. तिथेच खुलासा करायचा, तर मी मान डोलावली. तुम्ही वाकून पडद्याखाली पाहिलंत (चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत), माझ्याजवळ आलात आणि हळूच विचारलंत, "मग मघापासून मी काय करत होतो गं?" यावर मी जे बोलले ते शब्दशः देते, कारण ते गाळून उरलेलं पत्र लिहिण्यात अर्थ नाही. "मामा, प्लीज, बसा आणि चालवत राहा. लोक बघतायत."

आणि तुम्ही बसलात. हॉल बंद होईपर्यंत पाय हलवत राहिलात. कुणीतरी विचारलं, दमत नाही का हो? तुम्ही म्हणालात, "सवय आहे. आणि भाचीचं काम आहे." मग जेवायला न थांबता निघून गेलात. तेव्हापासून तुमचा फोन मामीच उचलते.

मामा, मी चुकले. माफी मागण्यापलीकडे या पत्रामागे दुसरा हेतू नाही. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. वायर काढून टाकली. नुसत्या पायांच्या जोरावर तीन दिवे लागतात, तेही मिणमिणते. कातरणाचे रंग त्यात ओळखू येत नाहीत.

आणखी एक ता. क. दुसरा हेतू नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. आपल्या कामाला पहिलं बक्षीस जाहीर झालंय, 'ऊर्जेच्या प्रामाणिक वापरासाठी'. पाटीवर माझ्या नावाशेजारी तुमचंही नाव आहे. शनिवारी सकाळी मी समितीला वायरबद्दल सांगणार आहे. बक्षीस जाईल, ते जाऊ दे. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं असंही सांगेन. (भाषणापर्यंत ते खरंच आहे.) पण एकटीने त्या खोलीत शिरायची माझी हिंमत होत नाहीये. तुम्ही याल का? बोलायचं काही नाही, चालवायचंही काही नाही, नुसतं शेजारच्या खुर्चीवर बसायचं. येणार नसाल तरी राग मानणार नाही. शुक्रवारपर्यंत कळवा.