खोट्या कमानी

८ मार्च
लालबागला गावच्या मुंबई मंडळाची मीटिंग. गावी जुना पूल पाडून नवा बांधलाय, त्याच्या उद्घाटनाच्या स्मरणिकेत पुलाचा इतिहास मी लिहायचा. का, तर मी शाळेत इतिहास शिकवते. अध्यक्ष सावंतकाका (सा.का.) वरच्या वाडीचे, मी नदीकाठच्या बौद्धवाडीची. एरवी यांना आमची आठवण सतरंज्या उचलायलाच येते.

पुलाचे फोटो फिरवले. सरळ सिमेंटचा पूल, जुन्यापेक्षा पुरुषभर उंच. खाली बाहेरून चिकटवलेल्या काळ्या कमानी. त्यांच्यावर काही तोललेलं नाही, नुसती शोभा. सा.कां.नीच बांधकाम खात्याच्या साहेबांच्या मागे लागून बसवून घेतल्या. "जुन्या पुलाची कळा रवाक व्हयी." जुनं रूप राहायला हवं म्हणे! डोकं फिरलं माझं.

१५ मार्च
लिहून दिलं. इंग्रजांच्या काळातला दगडी पूल, पाच कमानी, चुन्यातलं बांधकाम. आणि जे कुठल्याच कागदावर नाही तेही: पावसात आमची वाडी मधल्या कमानीकडे बघून जगायची. कमान पूर्ण बुडाली की सगळं टाकून टेकडीवरच्या शाळेत. तोवर पाणी उंबऱ्याखाली असायचं. शेवटी स्पष्ट लिहिलं, नवी कमान वर आहे, ती बुडेपर्यंत घरं बुडालेली असतील.

२९ मार्च
स्मरणिका आली. नेमका तेवढा भाग उडवलाय. विचारलं तर म्हणे, "अगो बाय, शुभ कार्याच्या पुस्तकात पुराचो विषय कित्याक?" वर पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. घेतला नाही. यांचं शुभ, आमचं मरण.

१० मे
गावी उद्घाटन. आत्याला दादरच्या हिंदमाता बाजारातली साडी नेली. वाडीतलं नदीकडचं पहिलं घर तिचं, राहते एकटी. काठावर उभं करून समजावलं, "आत्या, आता कमान बघायची नाही. घराच्या पायरीला पाणी लागलं की निघायचं."
"जुन्यासारखीच केल्यानी गो," म्हणाली. डोळ्यांत पाणी. मला तिचाही राग आला. पलीकडे सा.का. हार घालून फोटो काढून घेत होते.

२२ जुलै
शाळा लवकर सोडली. हिंदमाताला गुडघाभर पाणी, साडीच्या दुकानाच्या पायरीवर अडकलेय. गावाला कालपासून कोसळतोय.

आत्याला फोन लावला. पाणी कुठवर?
"पायरेक लागला."
"मग निघ ना!"
"निघतलंय गो. कमान उघडी आसा अजून."
किंचाळले. दुकानातली माणसं बघायला लागली. फोन कट. परत लागेना.

सा.का. गावी आहेत. नाइलाजाने त्यांना लावला. काका, आत्याला शाळेत घेऊन जा, आत्ताच्या आत्ता.
"मी पुलावरच उभो आसंय. भिया नको, कमान उघडी आसा गो."
"काका, स्मरणिकेतून तुम्ही काढून टाकलेलं काय होतं, आठवा!"

फोन चालूच होता. मग छपछप आवाज आला, धावण्याचा की नुसत्या पावसाचा, कळलं नाही. तेव्हापासून दोघांपैकी कोणीही उचलत नाही.