शोधायचे दोन रुपये

श्रीवर्धन, १२ मार्च १९५८

सकाळभर शेटच्या सुपारीच्या लॉरीखाली पडून बिघाड शोधला. सांगताच शेट म्हणाला, "बरं झालं, आता महाडला मेव्हण्याकडनं करून घेतो." शोधायचे पैसे मागितले तर हसला. "नुसतं बघायचे कसले पैसे?"

डोकं इतकं फिरलं की संध्याकाळी हसनचाचा टॅक्सी घेऊन आले, तेव्हा बॉनेटला हात लावण्याआधीच बोललो, "शोधायचे दोन रुपये. दुरुस्ती वेगळी."

गॅरेजसाठी जागा दिली ते हसनचाचा! "माज्याकडनं पन?" एवढंच म्हणाले नि गाडी वळवली.

शोधायचे पैसे घ्यायलाच हवेत, त्यात काय चुकलं? पण गाडी वळताना पुढच्या चाकाचं बेअरिंग घरघरलं, ते मला ऐकू आलं. तरी गप्प राहिलो. सवारी भरली की ते घाटाने माणगावला जातील, आणि उतारावर चाकच निखळलं तर?

लिहीत काय बसलोय? सायकल काढतो.