राखणदाराची शपथ

॥ श्री ॥
रत्नागिरी, ९ जानेवारी २०२५

ती. हौसाताईस विमलचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून पत्रच बरं. हेदवीला सगळी खुशाल असतील. मोहोर कसा आहे ते कळव.

इथे नवलच चाललंय. येत्या एकोणीस तारखेला, रविवारी, आमच्या लॉजचं दार सगळ्यांना उघडणार आहेत. फ्रीमेसन म्हणजे कोण, आत काय चालतं, ते लोकांना दाखवणार. एस.टी. स्टँडवर कागद लावलाय. तो वाचून हातखंब्याचा एक गृहस्थ बायकोपोरांसकट आला आणि खोली मिळेल का विचारू लागला! लॉज म्हटल्यावर त्याचं तरी काय चुकलं?

चोवीस वर्षं मी ह्या आवारातल्या दोन खोल्यांत राहतेय, पण मोठ्या दाराच्या आत पाऊल टाकलेलं नाही. झाडलोटसुद्धा हेच करतात. बाजारात अजून मला भुताच्या बंगल्यातली म्हणतात. आता चहा द्यायला मला आत बोलावलंय. ह्यांना ते रुचलेलं नाही.

राहायला ये म्हणून दर पत्रात लिहितेस. शपथेचं तुला ठाऊक आहे. राखणदाराच्या घरच्या माणसाने रात्री आवाराबाहेर राहायचं नाही, अशी शपथ ह्यांनी लॉजपुढे घेतलीय. ती मोडली तर नोकरी गेली आणि डोक्यावरचं छप्परही. पुन्हा विचारू नकोस, नाही म्हणताना माझा जीव जातो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी विमल

॥ श्री ॥
हेदवी, १४ जानेवारी २०२५

चि. सौ. विमलास ताईचे पोटभर आशीर्वाद.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवणार होते, पण टपालात त्याचा भुगा होतो. तो भुगा खाऊन तू गोड काय बोलणार! मोहोर बरा आहे, तुडतुड्याची कीड थोडी पडलीय.

आत जाशील तेव्हा भुताला माझा रामराम सांग. पण गो बाय, एक गोष्ट सात वर्षं पोटात ठेवलीय, ती आज लिहिते. आई दीड महिना अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू दोनदाच आलीस. दोन्ही वेळा तवसाळहून संध्याकाळची फेरीबोट गाठायला धावलीस. तिने तुझा हात धरला होता, तो तू सोडवून घेतलास. मला फार राग आला होता. आपल्या बाबांनी, गवंडी माणसाने, दिलेला शब्द पाळायला शिकवलं, म्हणून गप्प राहिले. पण मरत्या आईजवळ लेकीला राहू देत नाही, ही असली कसली शपथ? त्या मोठ्या माणसांना एकदा विचार. तुझ्या महिपतरावांना नाही, त्यांना.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिही.
ताई

॥ श्री ॥
रत्नागिरी, २० जानेवारी २०२५

ती. हौसाताईस नमस्कार.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आत भूत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, उंच खुर्च्या आणि एका मेजावर गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी. दुसऱ्या मेजावर काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा, थापी. बाबांच्या थैलीतली हत्यारं गो! सेक्रेटरीसाहेब सांगत होते की ही सगळी रीत मुळात गवंड्यांची, गुण्या म्हणजे सचोटीने वागावं, ओळंबा म्हणजे ताठ राहावं. चिरा लावताना बाबा हेच म्हणायचे.

लोकांनी खूप विचारलं. कॉलेजच्या एका मुलीने, बायका का नाहीत, असं तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, आमच्या लॉजची रीत तशी आहे, पण घरच्या बायका जेवणांना, कार्यक्रमांना येतात. ते ऐकून मला धीर आला. हातात चहाचा ट्रे होता, तसंच विचारलं, की आता दार उघडलंय तर राखणदाराची शपथही सुटेल का? साहेब गोंधळले. कसली शपथ, बाई, म्हणाले. तुमचा नवरा सभासद नाही, त्याने कधी शपथ घेतलेली नाही. वर्षाला पंधरा दिवस रजा आहे, ती त्याने एकदाही घेतली नाही. तुम्हा दोघांना प्रवास आवडत नसेल, असं आम्ही समजत होतो.

हे दाराशी उभे होते. खाली बघत होते.

सगळे गेल्यावर पायरीवर बसून बोलले. नोकरी नवी होती तेव्हा मी हेदवीला येऊन सहा आठवडे राहिले होते. हे न्यायला आले, तेव्हा मी पडवीत आईला सांगत होते की त्या भुताच्या बंगल्यात मी परत जाणार नाही. ह्यांनी ते ऐकलं. घरी आणल्यावर, नोकरीत कायम झालो, शपथ घ्यावी लागली, असं मला सांगितलं. इथलं सगळंच गुपित, मग मला खोटं का वाटावं? एकदा सांगितलेलं मागे घेता येईना, म्हणाले. स्वतःही कुठे गेले नाहीत. अंजनवेलला सख्ख्या भावाच्या लग्नाला गेले, ते अक्षता पडताच परतले.

आई जाताना तरी सांगायचं होतं, म्हटलं. तर म्हणाले, तेव्हा सांगितलं असतं तर तू मला सोडून गेली असतीस.

मी रडले नाही. भांडी घासली. मला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. फाटक दिवसभर उघडंच असायचं. त्यानेच आता अंगावर काटा येतो.

मी येऊ का?
विमल

हेदवी, २३ जानेवारी

चि. विमल, हे कार्ड मिळेल तेव्हा विचारत बसू नकोस. ये.
ताई

॥ श्री ॥
हेदवी, २९ जानेवारी २०२५

श्री. महिपत यांस विमलचा नमस्कार.

तुमचं नाव मी आजवर घेतलं नाही, लिहिलंही नाही. पाकिटावर लिहावंच लागलं, म्हणून आतही लिहिते.

मी सुखरूप पोचले. तुमच्या गोळ्या फडताळात वरच्या खणात आहेत. पेज करता येते तुम्हाला, भातही येईल.

ताई तुमच्यावर चिडलीय. मला मात्र नीट चिडताही येत नाही, कारण तुम्ही एकटे जेवत असाल हेच आधी डोळ्यांसमोर येतं. ते तुमच्यासाठी मायेने येतं की सवयीने, ते मला शोधायचं आहे.

शनिवारी माघी गणेशजयंती. तुमची हक्काची रजा घेऊन दशभुज गणपतीच्या दर्शनाला या. मला न्यायला येऊ नका. जे मला पायरीवर सांगितलंत ते ताईला सांगा, आईच्या खोलीत बसून.

मी परत कधी येणार, ते विचारू नका. दुपारचे चार वाजले की माझे हात अजून पिशवी भरायला लागतात. काल ताईबरोबर समुद्रावर निघाले, तर आवाराच्या गडग्याशी पाय थांबले. तिने ओढलं तेव्हा पुढे गेले. नियम नव्हता हे मला कळलंय, पायांना अजून कळलेलं नाही. त्यांना कळेपर्यंत मी इथे आहे.

प्रकृतीला जपा.
विमल