अर्धा चारा

३ नोव्हेंबर
आजपासून पीएचडी सीरियसली. विषय मोठा आहे: पोटात असतानाच वाढ खुंटलेली पिल्लं आणि अर्भकं. घरामागच्या शेडमध्ये सहा गाभण शेळ्या. तिघींना पोटभर चारा, तिघींना अर्धा. डिसेंबरअखेर थीसिस सरांच्या टेबलावर. नक्की.

१० नोव्हेंबर
लिखाण नाही. लॅपटॉप अपडेट घेत होता.
बायकोला, भुवनेश्वरीला, सातवा महिना लागला. आईनं तिला सांगितलं, आता येका वेळेला येकच भाकरी. लई खाल्लं की बाळ मोठं हुतंय, मग अडतंय, शिझर करत्यात. आईची चार बाळंतपणं घरीच झाली. अनुभवाशी वाद घालू नये.

२१ नोव्हेंबर
अर्ध्या चाऱ्यावरची काळी शेळी रिकामी गव्हाण चाटत बसते. उत्तम निरीक्षण. नोंद केली.
भुवनेश्वरी म्हणाली, भुकेनं झोप लागत नाही. म्हटलं, आईला विचार.

४ डिसेंबर
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ मागे आहे, खाणं नीट आहे ना? म्हटलं, मॅडम, हा माझाच विषय. पेपरबद्दल सांगायला लागलो तर त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. डॉक्टर लोक वाचत नाहीत. शिवाय आमच्या घरात सगळे बारीकच. मशीनही जुनं वाटलं.
येताना भुवनेश्वरीनं केळी मागितली. आईला काय सांगायचं, म्हणून घेतली नाहीत.

२२ डिसेंबर
काळी व्याली. पिल्लू किडकिडीत, डोकं तेवढं मोठं. अपेक्षित रिझल्ट. फोटो काढून चॅप्टर दोनला लावला. संध्याकाळी पिल्लू गेलं. तेही लिहीन.
भुवनेश्वरी म्हणाली, आता तरी तिला पोटभर घाला. प्रयोग असा मधे मोडता येत नाही, समजावलं.

३१ डिसेंबर
थीसिस संक्रांतीनंतर. गड्ड्याच्या जत्रेत सोलापुरात कोण लिहितं.

९ जानेवारी
मुलगी झाली. दीड किलो. बाळ वाढेना म्हणून महिनाभर आधी सीझरच करावं लागलं. आई म्हणाली, येकेकाचं नशीब की. काचेच्या पेटीत ठेवलीय. पोट आत गेलेलं, डोकं तेवढं मोठं. लगेच ओळखलं. फोटो काढला नाही.
नर्सनं विचारलं, बाई काय खात होत्या? शेळ्यांचं तोंडपाठ आहे. हिचं आठवेना.

१२ जानेवारी
मुलगी तशीच. डॉक्टर म्हणाल्या, अजून काही सांगता येत नाही. मला काही वाटत नाहीये. झोप झाली नसेल.
घरून आईनं भरून दिलेला डबा नेला. भुवनेश्वरीनं विचारलं, आता दोन भाकऱ्या खाल्ल्या तर चालतील का?
म्हटलं, खा की.
डब्यात एकच होती.