कडी आणि दिलगिरी

ती. मावशीस,

बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, नाहीतर खरोखर आडवी पडले असते). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांची कवळी सापडली का? तूच म्हणाली होतीस, भाषेची बाई हो, आयुष्य शांततेत जाईल. शांतता कसली डोंबलाची!

आमच्या शाळेत मध्यंतरी एक लेखनतज्ज्ञ अवतरले. त्यांच्या मते लेखन म्हणजे साचा: आधी प्रस्तावना, मग फायदे, मग तोटे, शेवटी उपसंहार. मुलं बिचारी आज्ञाधारक. त्यांनी साचा असा काही घोटला की लगेच एकाचा रजेचा अर्ज आला, 'ताप हा मानवाचा खरा मित्र आहे. तापाचे फायदे अनेक आहेत.' (उपसंहारात उलटी होती.) मुख्याध्यापक धन्य झाले. 'उत्तम मांडणी' असा शेरा मारून त्यांनी तो अर्ज सूचनाफलकावर लावला.

माझं डोकंच फिरलं. मी सातवीच्या मुलींना सांगितलं, साचा गेला खड्ड्यात. तुम्हाला खरंच काय खुपतंय ते लिहा, आणि ज्याच्या हातात ते दुरुस्त करणं आहे त्यालाच लिहा. मग बाकावरच्या शेजारणीला वाचून दाखवा, आणि तिला खोटं वाटेल ते खोडा. बास, एवढीच माझी अध्यापनपद्धती. (तिला अजून भारदस्त नाव मिळालेलं नाही, म्हणून कुणी हार घालत नाही.) मुलींनी थेट मुख्याध्यापकांना लिहिलं, 'आमच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. एक आत जाते, दुसरी दार धरते. घंटा झाली की धरणारी पळते.' वाचून मला रडूच आलं गं. खोडता खोडता पोरी कुठल्या कुठे पोचल्या! मी ते पत्र तसंच पुढे धाडलं.

मुख्याध्यापकांना ते भलतंच आवडलं असावं, कारण मला तातडीने बोलावणं आलं. मुली इतकं सरळ लिहूच शकत नाहीत, तेव्हा हे मीच सांगून लिहवून घेतलं, असा आरोप. (माझ्या शिकवण्याचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.) लेखी दिलगिरी द्या, नाहीतर नोकरीत कायम होण्याचं विसरा, म्हणाले. मी कडीचं विचारलं, तर म्हणे विषयांतर नको.

बाकी सगळं मजेत.

तुझी,
हंगामी भाची

ता. क. : खरं काम आता सांगते. तू इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस, दिलगिऱ्यांचे ढीग वाचले असशील. चांगली लोटांगण घालणारी एक लिहून पाठव ना. ही नोकरी गेली तर मी जाऊ कुठे? आणि मला मेलं लिहायलाच जमत नाहीये.

ता. क. २ : पाठवू नकोस. मधल्या सुट्टीत मी मसुदा घेऊन बसले होते, तेवढ्यात त्या दार धरणाऱ्यांपैकी एका पोरीने डोकावून विचारलं, 'बाई, हे "दिलगीर" तुम्हाला खरंच वाटतंय?' मी नाही म्हटलं. तिने पेन्सिल घेतली आणि खोडलं. मग पुढचंही एकेक विचारत गेली. शेवटी कागदावर माझी सही तेवढी उरली. तीच नेऊन दिली. मावशी, तुझी वरची खोली रिकामी आहे ना गं?