आजी कोणत्या पानावर?

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या आठवड्यात मी रोज तुमच्याशी भांडते आहे, आणि निमित्त झालंय लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांचं. तुम्ही विमान पाहिलंत ते मलकापूरच्या मालधक्क्यावर उभं राहून, कपाळावर आडवा हात धरून. तुमची पणतवंडं त्यात बसून इंग्लंडला चालली आहेत. जावई तिथं डॉक्टर आहेत, ते आधी गेले. लेक दोन्ही पोरांना घेऊन माझ्याकडे राहिली होती, आता तिकिटं आली. मुंबईच्या मैत्रिणीनं तिला कळवलं की लहान मुलांना विमानाची पुस्तकं आधीपासून दाखवली तर ती घाबरत नाहीत, आणि पुस्तकांचं एक पार्सलही पाठवलं. लेक म्हणाली, "आई, जन्मभर पोरं शिकवली तुनं, तूच निवड." निवडते म्हटलं. निवृत्त हेडमास्तरणीला दुसरं काय काम असतं!

पार्सल उघडलं आणि माझं डोकं फिरलं. एका पुस्तकातल्या विमानाला डोळे काढलेले, पुढे हे एवढं हसरं तोंड. माणसं शिडी चढून त्याच्या पोटात शिरतात, आणि पुस्तक संपेपर्यंत एकही बाहेर येत नाही. धाकट्यानं ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "आजी, थे खाते का मानसं?" त्या चित्रकाराला एवढा साधा प्रश्न पडला नाही, तीन वर्षांच्या पोराला पडला. दुसऱ्यात हवाईसुंदरी पानोपानी चॉकलेटं वाटते. त्यात प्रवास नाहीच, नुसता वाढदिवस आहे. मराठीत काही मिळतं का म्हणून मी स्टेशनासमोरच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं पुष्पक विमान काढून दिलं, झालरी आणि मोरपिसांच्या पंख्यांसकट. ते दाखवून पोरांना सांताक्रूझच्या विमानतळावर नेलं असतं तर सिंहासन कुठाय म्हणून धाकट्यानं तिथंच लोळण घेतली असती. मुलांना गोड गोड दाखवलं की आपलं काम झालं, असं मोठ्यांना कोण शिकवतं कोण जाणे.

पार्सलातलं शेवटचं पुस्तक मात्र शहाण्या माणसानं केलेलं होतं. कानांत दडे बसतात तेव्हा आवंढा गिळायचा, पट्टा बांधावाच लागतो, पेटी आपल्या डोळ्यांसमोरून निघून जाते पण उतरल्यावर परत मिळते, असं सगळं सरळ चित्रांत काढलेलं. मी तेच निवडलं. इंग्रजी मजकूर वाचायचा आणि आपल्या बोलीत सांगायचा, असा क्रम सुरू केला. मोठी पाच वर्षांची आहे. तिनं चित्रावर बोट ठेवून माणसं लावायला घेतली. ही आई, हा भाऊ, ही मी, आणि तिकडे घ्यायला आलेले बाबा. मग तिनं पानं मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली, आणि मला विचारलं, "आजी, तू कोन्या पानावर हायेस?"

मी तोंड उघडणार तोच स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "आजी मांगून येनार हाये बाई, दुसऱ्या विमानानं!"

मी उठून आत गेले. ती पोळ्या लाटत होती. म्हटलं, "खोटं काऊन सांगतं पोरीले?"

"खरं सांगितलं तं रस्ताभर रडतीन, आई. एवढ्या लांब दोघायले घेऊन मी एकटी. तुले काय जाते?"

"अन् तिथं गेल्यावर रोज दारात उभी राह्यली, आजी काऊन नाही आली म्हून, तं?"

"इसरन. लहान हाये."

बाबा, हे वाक्य तुमचं आहे, माझ्याबद्दल म्हटलेलं. तिनं तुम्हाला नीट पाहिलंही नव्हतं, तरी तंतोतंत तुमच्याच सुरात ते माझ्या स्वयंपाकघरात आलं. मग मी जे बोलले त्यातलं निम्मं तिच्यासाठी नव्हतंच.

मी सहा वर्षांची आहे. तुम्ही मला नवं परकर-पोलकं नेसवता, मामाकडे चाललो म्हणून सांगता आणि गाडीत बसवता. मामाचं गाव येत नाही. येतं ते लोखंडी फाटक, आत कॉन्व्हेंट, आणि कुणालाही न कळणाऱ्या भाषेत बोलणाऱ्या पांढऱ्या झग्यातल्या बाया. तुम्ही टोपी सारखी करता, "येतो मी, बाई," म्हणता आणि वळता. निघताना माणसानं जातो म्हणू नये, येतो म्हणावं, ही आपली रीत मला कुणी समजावलेली नाही. येतो म्हणाले म्हणजे येणार. मी फाटकाचे गज धरून उभी राहते. दिवस कलल्यावर एक सिस्टर येते. ती पुस्तकातून मराठी शिकलेली आहे. ती माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि एकेक शब्द जुळवत प्रेमानं सांगते, "तुझे बाबा गेले."

तिच्या व्याकरणात ते अगदी बरोबर होतं. आपल्या घरात ते वाक्य मी एकदाच ऐकलं होतं, आजोबांना अंगणात आणून ठेवलं तेव्हा.

दिवाळीच्या सुटीपर्यंत मी तुम्हाला मेलेलं समजत होते. पाढे म्हणत होते, प्रार्थना म्हणत होते, इंग्रजी अक्षरं गिरवत होते, आणि माझा बाप मेला होता. विचारणार कुणाला? विचारायला लागणारे शब्द मला येत नव्हते. दिवाळीला तुम्ही त्याच फाटकात खाऊचा पुडा घेऊन उभे राहिलात, तेव्हा मी किंचाळत पळाले आणि सिस्टरच्या झग्यात तोंड खुपसलं. तुम्हाला सगळं कळल्यावर तुम्ही काय केलंत? हसलात. मालधक्क्यावरच्या बाबू लोकांना सांगून हसलात, माझ्या लग्नात व्याह्यांना सांगून हसलात. "आमच्या पोरीनं मले जितेपनीच रडून घेतलं, आता मेल्यावर तिले सुट्टी!" मांडव खदखदला. मी मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसले होते, आणि बोहल्यावरून उठून तुमच्या तोंडावर काहीतरी फेकावं असं मला वाटत होतं. तुम्ही खरोखर गेलात तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका कुजबुजल्या, शिकलेली आहे, दगड झाली. दगड नव्हते झाले. रागानं मला रडू दिलं नाही. तुम्ही मला शिकवलंत हे मी मान्य करते, त्या शिक्षणावर मी जगले. पण दोन वाक्यं खरी बोलायला तुम्हाला काय धाड भरली होती?

काल दुपारी लेक कपडे आणायला शिंप्याकडे गेली. मी मोठीला जवळ घेतलं, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "मी कोन्याच पानावर नाही. तुमाले गाडीत बसवून देईन अन् घरी वापस येईन. मांगून येनार नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या विमानानं बी नाही?"

"नाही. मी इथंच राहीन. तू मोठी होऊन आली की भेटू."

मी तयारीनं बसले होते. पदर मोकळा ठेवला होता, कुशीत घ्यायला हात तयार ठेवले होते. तिनं बराच विचार केला.

"मंग खिडकीत मी बसू?"

"बस."

ती उडी मारून अंगणात पळाली. "ए, आजी येत नाही! खिडकी माही!" धाकट्यानं भोकाड पसरलं, खिडकीसाठी. लेक आली तोवर दोघं त्या एका खिडकीवरून एकमेकांचे केस ओढत होती. तिला काय झालं ते कळलं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण ती पोरांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुहं बरोबर होतं, आई. कोनी रडलं नाही."

होतंच बरोबर. हे तुम्हाला ठणकावून सांगायचं म्हणून मी लिहायला बसले, आणि आता हा कागद मी चुलीत घालणार आहे, कारण लेकीच्या हाती तो पडलेला मला चालणार नाही. सकाळपासून मी घरात भांडी आपटते आहे. लेकीला वाटतं, तुमच्यावरचाच राग असेल. तो आहेच. पण पोरीनं थोडं तरी रडायला हवं होतं.