टिकलीच्या जागी

६ नोव्हें.
रिपोर्ट आला. थायरॉइडच्या अँटीबॉडीज वाढल्यात. डॉ. म्हणाला, "माताजी, शरीर के सिपाही ही आपका रंग मार रहे हैं." मी म्हटलं, पगार कौन देता है उनको? हसला मेला. पण कपाळावरचा पांढरा डाग जाईल असं काही बोलला नाही. टिकलीच्या गोंदानं वाढेल म्हणाला. घरात आणखी कुणाला होऊ शकतं, होईलच असं नाही.

९ नोव्हें.
डाग नेमका कपाळाच्या मधोमध. हे वारल्यावरही मी टिकली सोडली नव्हती. सून मेधाला ते कधी रुचलं नाही. आज म्हणाली, "आई, बंदच करा आता." केली. आरशात बघवत नाही.

१४ नोव्हें.
रविवारी नातीला, अनूला, बघायला येणार. विलास खाली मान घालून म्हणाला, "आई, तेवढा दिवस गाझियाबादला ताईकडे जातेस?" पोटचा पोरगा. मी म्हटलं, फ्रिजमागं उभी राहते की! कुणी हसलं नाही. अनू भडकली, "आज्जी नाही तर मीपण नाही."

१६ नोव्हें. रवि.
सकाळी मेधाच टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. सगळ्यात मोठी, लाल. "लावा आई, झाकलं जाईल." हीच ती! लावली. छान दिसत होते, खोटं कशाला.
मुलाची आई पाया पडली. "आजोबा दिसत नाहीत?" मेधा पटकन, "गावी गेलेत."
मी पोह्यांची बशी पुढं केली. ह्यांना आपण निगमबोधच्या स्मशानात नेलं, आणि हिनं गावाच्या गाडीत बसवलं. पाहुणे गेल्यावर बाथरूममध्ये एकटीच हसले. मग तिथंच बसून राहिले.

२० नोव्हें.
होकार. मुलाच्या आईचा फोन, "साखरपुड्यात आज्जींची ओटी मी भरणार. एवढ्या वयाची सवाशीण कुठं मिळते! आजोबांनाही बोलवून घ्या."
घरात कुणी जेवलं नाही.

२३ नोव्हें.
डाग टिकलीबाहेर आलाय. ओठाच्या कडेला नवा. एवढी मोठी टिकली कुठून आणू? विलास म्हणतो कळलं तर मोडेल. मेधा रडते. तिचा रागही येत नाही आता, कशाचाच काही...

२४ नोव्हें.
अनूनं माझी टिकली काढून स्वतःला लावली. "यार आज्जी, मला शोभते ना?" मी ओरडले, काढ आधी! गोंद आहे! काढली. तिचं कपाळ कितीतरी वेळ बघत राहिले. स्वच्छ आहे. आज तरी.
"मी सांगते त्यांना. आजोबांचं पण, तुझ्या डागाचं पण. करू फोन?"
फोन हातात घेऊन समोर उभी आहे. मी आपली लिहितेय.